लंडनला उतरवलेला बेदाणा युरोपात जातो का?

आधी पत्र, थोडं कमी करून देते:

"ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय २६, बीकॉम झालोय. आमचं बेदाण्याचं शेड आहे, वडील आणि काका सौद्यातनं माल घेऊन बाहेरच्या राज्यात पाठवतात. माझ्या डोक्यात आता एक्सपोर्ट आहे. मित्राचे मामा लंडनला असतात, ते म्हणतात भारत-ब्रिटन करार झालाय, तुम्ही माल माझ्याकडं पाठवा, इथं छोट्या पाकिटात भरू आणि इथनं अख्ख्या युरोपात ड्यूटी न भरता घालवू. काका लगेच कंटेनर भरायला तयार. मी म्हटलं फी देऊन कुणातरी जाणकाराला विचारू, तर काका चिडले, चाळीस वर्षं सौदा करतोय मला कोण शिकवणार म्हणाले. दुसरं असं की इथल्या व्यापाऱ्यांचं एक निवेदन दिल्लीला जाणार आहे, बाहेरचा बेदाणा शेजारच्या देशांच्या नावावर स्वस्तात शिरतो म्हणून. मागणी अशी की युरोपसारखी आपण पण शेजाऱ्यांशी कस्टम युनियन करावी म्हणजे हे थांबेल. लिहायचं काम माझ्यावर आलंय, मी शिकलेला म्हणून. पण कस्टम युनियन म्हणजे नक्की काय तेच मला कळत नाही. काकांना न दुखावता काय करू?"

तू माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. कंटेनरची घाई दिसतेय म्हणून त्याचं उत्तर आधी देऊन टाकते: थांबा. लंडनच्या मामांचा हेतू चांगलाच असेल पण लंडनला उतरवलेला माल पुढं युरोपात परत ड्यूटी न भरता जातो हे २०२० साल संपेपर्यंत खरं होतं. ब्रिटन १९७३ ला युरोपच्या देशांच्या गटात, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनमध्ये, गेलं आणि ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, मग अकरा महिने जुनेच नियम चालू ठेवले आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री कस्टम युनियनमधनं पण बाहेर. तेव्हापासून लंडनचं बंदर आणि नेदरलँडमधलं रॉटरडॅमचं बंदर ही दोन वेगळी दारं झाली. एकात ड्यूटी भरली म्हणून दुसऱ्यात माफ नाही.

आणि मामा म्हणतील की ब्रिटन आणि युरोपात पण करार आहे की शून्य ड्यूटीचा. आहे, पण तो ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालाला, तासगावच्या बेदाण्याला नाही. पंधरा किलोच्या बॉक्समधनं काढून पाव किलोच्या पाकिटात भरला आणि वर लंडनचा पत्ता छापला तरी तो भारताचाच माल राहतो, नुसत्या पॅकिंगनं मालाचा देश बदलत नाही, हे जवळजवळ प्रत्येक करारात स्पष्ट लिहिलेलं असतं. २०२१ च्या जानेवारीत खुद्द ब्रिटनमधल्या मोठमोठ्या दुकानवाल्यांना ह्याचा फटका बसला, जर्मनीत बनलेल्या गोळ्या-चॉकलेटं ब्रिटनच्या गोडाऊनमध्ये आणायची आणि तिथनं आयर्लंडच्या दुकानात पाठवायची हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रस्ता, आणि अचानक त्या युरोपच्याच मालावर युरोपात परत जाताना ड्यूटीचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्याकडं वकिलांची फौज असून ही वेळ आली, मग आपण एका फोनच्या भरवशावर कंटेनर कसा भरायचा?

आता कस्टम युनियन म्हणजे काय ते सांगते, पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेव, आपल्या इथलंच उदाहरण घेऊ. संस्थानांच्या काळात सांगली वेगळं संस्थान होतं, मिरज वेगळं. समज सांगलीनं बाहेरून येणाऱ्या गुळावर गाडीमागं पाच रुपये जकात ठेवलीय आणि मिरजेनं एक रुपया. दोघांनी ठरवलं की आपसात जकात घ्यायची नाही. झाला फ्री ट्रेड करार. आता कुठलाही गाडीवान काय करेल? बाहेरचा गूळ मिरजेच्या नाक्यावर एक रुपया भरून आत घेईल आणि संध्याकाळी सांगलीच्या पेठेत आणून उतरवेल, म्हणेल मिरजेचाच आहे. मग सांगलीला परत नाका बसवावा लागणार आणि विचारावं लागणार की हा गूळ खरंच मिरजेच्या गुऱ्हाळातला आहे का, दाखला दाखव. हा दाखला म्हणजेच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, आणि तो कुणाला द्यायचा त्याचे नियम म्हणजे रूल्स ऑफ ओरिजिन.

कस्टम युनियनमध्ये दोघं एक पाऊल पुढं जातात. आपसात जकात नाहीच, शिवाय बाहेरच्यासाठी दोघांची जकात एकच, समज तीन रुपये. गाडी मिरजेत शिरली काय नि सांगलीत शिरली काय, तीनच. मग मधला नाका काढून टाकता येतो. जमा झालेले पैसे कसे वाटायचे ते आधी ठरवायचं. जर्मन संस्थानांनी १८३४ ला हेच केलं आणि वसुली लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घेतली. दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजाऱ्यांची युनियन १९१० पासून आहे. युरोपवाल्यांची १ जुलै १९६८ ला पूर्ण झाली, तिथं आज ज्या देशाच्या बंदरात ड्यूटी गोळा होते तो देश वसुलीच्या खर्चापोटी २५ टक्के ठेवून घेतो आणि बाकीची युरोपियन युनियनच्या तिजोरीत जाते.

पण ह्याची किंमत बघ. सांगलीला उद्या वाटलं की गुळाची जकात सहा रुपये करावी, तर आता एकटीला करता येत नाही. मिरजेला विचारावं लागतं. आणि तिसऱ्या संस्थानाशी करार करायचा तर तोही दोघांनी मिळून. म्हणून जर्मनीशी किंवा नेदरलँडशी भारत वेगळा व्यापार करार करू शकत नाही, २००७ ला बोलणी सुरू झाली ती ब्रसेल्सशी, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्यालयाशी, २०१३ ला थांबली आणि २०२२ ला परत सुरू झाली ती पण ब्रसेल्सशीच.

ब्रिटनचं एक उदाहरण तू काकांना मुद्दाम सांग. १९७३ पासून २०१६ पर्यंत त्यांचे सगळे व्यापार करार ब्रसेल्सनं केले, त्यामुळं बाहेर पडायचं ठरलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडं असा करार समोरासमोर बसून करणारी अनुभवी माणसंच फार थोडी उरलीयत. जगावर राज्य केलेला देश, कस्टमचं खातं शेकडो वर्षांचं जुनं, आणि २०१७ ला त्यांनी मुख्य वाटाघाटी सल्लागार म्हणून क्रॉफर्ड फाल्कनर ह्यांना आणलं, जे न्यूझीलंडच्या सरकारात व्यापाराची बोलणी करत आलेले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. चाळीस वर्षं एखादं काम केलंच नाही तर ते विसरतं, आणि काकांनी तर एक्सपोर्टचं काम कधी केलेलंच नाही. ह्यात काकांचा काही दोष नाही.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगते. मी सांगलीत एक्सपोर्टची कागदपत्रं करायचं काम बावीस वर्षं केलं. सुरुवातीच्या काळात एका हळद व्यापाऱ्याचा माल होता, पाकिटावर हळद म्हणून छापलेलं पण आत लोणच्याचा मसाला, हळद, मीठ, मोहरी, मिरची असं सगळं. मी एजंटला विचारलं की कोड, म्हणजे कस्टमच्या यादीतला मालाचा आकडा, कुठला टाकू, तो म्हणाला हळदीचाच टाका, सगळ्यांचा असाच जातो. मी टाकला. तिकडच्या कस्टमनं पाकीट फोडलं आणि सांगितलं ही हळद नाही, हे मिश्रण आहे. हळदीचा कोड ०९१० ३० नं सुरू होतो, आणि मसाल्यात दुसऱ्या वस्तू इतक्या मिसळल्या की त्याचा मूळ गुणच बदलला तर माल २१०३ मध्ये जातो, तयार मसाले-चटण्यांच्या घरात, ड्यूटी वेगळी, कागद वेगळे. तिकडच्या खरेदीदारानं फरक आणि गोडाऊनचं भाडं बिलातनं कापून घेतलं. ते व्यापारी माझ्यासमोर खुर्चीत बसले होते, हातात तो फॅक्सचा कागद, बोटांची पेरं हळदीनं पिवळी झालेली, आणि ते कागद उलटा-सुलटा करून बघत होते जणू मागच्या बाजूला काही बरं लिहिलेलं सापडेल. मला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, बाई, मला हळकुंड हातात धरून सांगता येतं कुठल्या गावचं, पण हा आकडा मला कधी कुणी सांगितलाच नाही. त्या दिवसानंतर मी कधीच "सगळ्यांचा असाच जातो" ह्या वाक्यावर सही केली नाही.

म्हणून जाणकार कोण हे नीट ओळख. पोर्टवर ओळखी आहेत म्हणणारा जाणकार नव्हे. तुला तीन वेगळी माणसं लागतील. पहिला लायसन असलेला कस्टम ब्रोकर, त्याला विचारायचं की आमच्या मालाचा आठ आकडी कोड कुठला आणि तो कशावरून, लेखी दे. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात, सुक्या द्राक्षांचे सहा ०८०६ २०. दुसरा माल तपासणाऱ्या लॅबचा माणूस. तिसरा ज्या देशात माल उतरणार तिथला आयातदार, आणि त्याच्याकडनं एक काम करून घ्यायचं, युरोपात बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन नावाची सोय आहे, मालाचा नमुना आणि माहिती देऊन तिथल्या कस्टमकडनं आधीच लेखी कोड घेता येतो, तो तीन वर्षं चालतो आणि सगळ्या युरोपियन युनियनला बांधील असतो. ब्रिटनचं वेगळं आहे, तिथं वेगळा अर्ज. आणि ड्यूटीचे दर तर तू स्वतः मोबाईलवर बघू शकतोस, युरोपचं अॅक्सेस टू मार्केट्स म्हणून सरकारी पोर्टल आहे, फुकट आहे, भारत निवडायचा, कोड टाकायचा, देश निवडायचा.

ते बघितलंस की तुला एक गोष्ट दिसेल जी मामांना माहीत नसावी. युरोपात सुक्या द्राक्षांवर ड्यूटी २.४ टक्के आहे. म्हणजे ज्या ड्यूटीला चुकवायला हा सगळा लंडनचा वळसा चाललाय ती शंभराला अडीच रुपये पण नाही, आणि त्यासाठी दोनदा उतरवणं, दोनदा कागद, दोन कस्टम. खरी अडचण ड्यूटीत नाहीच, ती मालात आहे. आपला पिवळा बेदाणा गंधकाच्या धुरीचा. युरोपात किलोला १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट, म्हणजे त्या गंधकाचा अंश, असेल तर लेबलवर ते लिहावंच लागतं, कारण काही लोकांना त्याची अॅलर्जी असते, आणि वरची कमाल मर्यादा वेगळी. शिवाय बुरशीतनं येणारं ऑक्राटॉक्सिन नावाचं विष, शिवाय बागेत मारलेल्या औषधांचे अंश. २०१० चा हंगाम तुझ्या वडिलांना आठवत असेल, युरोपला गेलेली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळं अडकली, आपले शेतकरी ज्याला नुसतं सीसीसी म्हणतात. द्राक्षं दिसायला देखणी, गोडीला उत्तम, आणि तरी अडकली. तेव्हा आपल्या भागातल्या बागायतदारांच्या घरात जी चूल थंड झाली ती मी बघितलीय आणि म्हणूनच एवढं पोटतिडकीनं लिहितेय.

दुबईचा विचार पण कुणीतरी सुचवेल म्हणून आत्ताच सांगून ठेवते. यूएईशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, आणि यूएई, सौदी, कुवेत, कतार, बहारीन, ओमान ह्यांची २००३ पासून कस्टम युनियन आहे, बहुतेक मालाला ५ टक्के. पण आपला हा करार एकट्या यूएईशी आहे. दुबईत सवलतीत उतरलेला माल तसाच सवलतीत सौदीला जाईल असं गृहीत धरायचं नाही, लेखी विचारायचं. म्हणजे बघ, नाव कस्टम युनियनच, पण प्रत्येकाची वीण वेगळी.

तुर्कस्तानचं तर आपल्या धंद्याशी थेट नातं, बेदाण्यात ते आपल्यापेक्षा कितीतरी मोठे खेळाडू. त्यांची युरोपशी कस्टम युनियन आहे, १९९५ च्या शेवटच्या दिवसापासून, त्यामुळं कुणीही म्हणेल त्यांचा बेदाणा त्याच जोरावर जातो. नाही. त्या युनियनमध्ये कारखान्याचा माल आणि प्रक्रिया केलेले काही पदार्थ आहेत, साधा शेतमाल नाही, त्याच्या सवलती त्यांनी वेगळ्या ठरवल्यात. आणि त्या युनियनचं दुखणं असं की युरोप तिसऱ्या देशाशी करार करतो तेव्हा त्या टेबलावर तुर्कस्तानला खुर्ची नसते, पण बाहेरच्या दरात युरोपच्या मागं मात्र जावं लागतं, आणि तो तिसरा देश तुर्कस्तानच्या मालाला सवलत द्यायला बांधील नसतो.

हे सगळं डोक्यात ठेवून आता निवेदनाकडं ये. तक्रार खरी आहे आणि ती जायलाच पाहिजे, बागेत राबणाऱ्याचा भाव पडतो तेव्हा त्यानं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं. पण मागणी चुकली तर तक्रार पण वाया जाते. कस्टम युनियन झाली तर शेजाऱ्याच्या नावावर माल घुसवण्यात फायदा उरणार नाही हे खरं, कारण बाहेरचा दर दोन्हीकडं सारखा. पण मग बेदाण्यावरची ड्यूटी किती हे दिल्ली एकटी ठरवणार नाही, शेजारी पण बसणार, आणि त्यांच्याकडं द्राक्षाच्या बागा नसतील तर त्यांना बेदाणा स्वस्तच हवा असणार, मग सामाईक दर तुमच्या आजच्या दरापेक्षा खाली आला तर? शिवाय जागतिक व्यापाराच्या नियमात गॅट कराराचं २४ वं कलम आहे, त्यात युनियनची बाहेरची ड्यूटी एकूणात आधीपेक्षा चढी ठेवता येत नाही आणि आपसातला जवळपास सगळाच व्यापार मोकळा करावा लागतो. म्हणजे बेदाण्यापुरती कस्टम युनियन असं काही नसतं. तुम्ही सही कराल बेदाण्यासाठी, आणि उघडेल सगळं.

हे असं आधी घडलेलं आहे, त्याचा दाखला निवेदनात घाल. श्रीलंकेशी आपला करार २००० साली लागू झाला, तेव्हा पामतेलावर आपली ड्यूटी जास्त आणि त्यांची कमी, तर तिकडं पामतेलापासून वनस्पती तूप करायचे कारखाने उभे राहिले आणि ते तूप इकडं यायला लागलं. नेपाळकडनं पण तेच, म्हणून २००२ च्या करारात नेपाळच्या वनस्पतीला वर्षाला एक लाख टनाची मर्यादा घातली. तेव्हा युनियन करावी लागली नाही, मर्यादा आणि मूळ देशाचे नियम कडक केले.

त्यामुळं मागणी तीन भागात तोड, कारण तीन दारं वेगळी आहेत. माल तिसऱ्या देशाचा आणि कागद शेजारच्या देशाचा असेल तर ते कस्टमचं काम, त्यासाठी २०२० पासून कॅरोटार नावाचे नियम आहेत, सवलत मागणाऱ्या आयातदाराकडं माल कुठं आणि कसा तयार झाला ह्याची माहिती असलीच पाहिजे असं त्यात आहे, तर त्या नियमाखाली बेदाण्याची तपासणी वाढवा अशी मागणी करा. माल कागदाशिवाय रात्री सीमा ओलांडून येत असेल तर ती सरळ तस्करी, त्याला कुठलाच करार लागू नाही, ते डीआरआयकडं, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याकडं. आणि माल कायदेशीर येतोय पण पडेल भावात ओततायत असं असेल तर ते डीजीटीआरकडं, म्हणजे अशा पडेल भावाच्या आयातीची चौकशी करणाऱ्या दिल्लीच्या खात्याकडं, आणि तिथं नुसती ओरड चालत नाही, भाव, आवक, नुकसान ह्याचे आकडे लागतात. ते आकडे कुणाकडं आहेत? काकांकडं. दिल्लीतल्या अर्थतज्ज्ञाला गॅटचं कलम पाठ असेल पण अमुक आठवड्यात सौद्यात कुठल्या प्रतीचा बेदाणा काय भावानं गेला आणि कुठला माल बघितल्यावर व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की हा आपल्या मातीतला नाही, हे त्याला कोण सांगणार. मी बघितलंय तुमच्याकडचे जुने लोक मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन अंगठ्यानं पसरतात, देठ बघतात, दाबून सोडतात आणि सांगतात शेड कुठल्या भागातलं. ते ज्ञान कागदावर आलंच पाहिजे.

१६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडं वळतील आणि आपल्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही, तर त्यावर अशी जबर जकात बसवा की संगमेश्वरच्या मिठाच्या तुलनेत ते महाग पडेल. जकात किती, ते कुठल्या मिठाशी ताडून ठरवायचं हे पत्रातच आहे. तुझ्या निवेदनात असंच हवं, कुठला माल, कुठल्या मालाशी तुलना, किती फरक.

काकांशी बोलताना "तज्ज्ञाला विचारू" हे वाक्यच वापरू नकोस, त्यांना ते "तुम्हाला कळत नाही" असं ऐकू जातं. त्यांना म्हण, काका, मला निवेदनासाठी मागच्या पाच हंगामांचे भाव पाहिजेत, तुम्ही सांगा मी लिहून घेतो. दोन संध्याकाळी बस त्यांच्याजवळ वही घेऊन. मग तिसऱ्या दिवशी म्हण, कस्टम ब्रोकरकडं मी चाललोय, माल समजावून सांगायला तुम्ही चला, मला प्रती नीट सांगता येणार नाहीत. हे खोटं पण नाही, तुला खरंच येणार नाहीत. फीचं विचारशील तर कोड, कागद आणि लेखी उत्तर ह्याला जी काही फी होईल ती एका अडकलेल्या कंटेनरच्या बंदरातल्या भाड्यापुढं काहीच नाही, आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तर पुण्यातच आहे, बेदाण्यावर काम करणारी माणसं तिथं आहेत, एक दिवस काढून जाऊन या.

कंटेनर मात्र ह्या हंगामात नको. आधी पिवळ्या आणि हिरव्या दोन्ही मालाचा एकेक किलोचा नमुना मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, सल्फाइट, ऑक्राटॉक्सिन आणि औषधांचे अंश तिन्ही तपासायला सांगा, आणि पिशवीवर शेडचं नाव, धुरीची तारीख काकांच्या हातानं लिहून घे. रिपोर्ट आला की मला कळव, लेबलचा मसुदा आपण तो समोर ठेवूनच करू.